आत्याची आगबोट

माझी आत्या गोदीत फोरमन होती. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांनी बांधलेल्या बोटी दुरुस्त केल्या. कुणाचा गंजलेला पत्रा कापायचा, कुणाची गळती बुजवायची, कुणी खडकावर घासून आणलेलं सुकाणू सरळ करून द्यायचं. कण्याच्या पहिल्या पट्टीपासून स्वतः उभी केलेली नवी कोरी बोट तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती आली तेव्हा आत्याच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

आमच्या बंदराला आग विझवणारी बोट नव्हती. जहाजाला किंवा पाण्याच्या बाजूच्या एखाद्या गोदामाला आग लागली की बंब घंटा वाजवत धक्क्याच्या कडेपर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. पुढे पाणी. मग जवान काठावर ओळीने उभे राहून, आग आपापली विझेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. बंबखान्याचे प्रमुख, ज्यांना सगळं बंदर बंबसाहेब म्हणायचं, अशा वेळी टोपी काढून काखेत धरत. अकरा वर्षं ते एका बोटीसाठी अर्ज करत होते. मागणी साधी होती: जिच्यावर पंप आहेत आणि जी समुद्राचंच पाणी उपसून आगीवर मारते अशी बोट.

अर्ज अखेर मंजूर झाला. फक्त मंजुरीच्या छापील कागदावर वस्तूच्या नावाचा रकाना फार अरुंद होता. ‘अग्निशामक नौका’ त्यात काही केल्या मावेना. कारकुनाने बराच विचार करून तिथे ‘आगबोट’ असं लिहिलं. त्याला दोष देता येणार नाही. आग होती, बोट होती, आणि चार अक्षरांत काम भागत होतं. पण आगबोट म्हणजे धूर सोडत उतारूंची ने-आण करणारी बोट, हे कुणालाही ठाऊक असतं, आणि वरच्या सह्या करणाऱ्या मंडळींना तर जरा जास्तच ठाऊक होतं. त्यांनी मंजुरीला उतारू आगबोटींची एकशे अठरा कलमांची जुनी नियमावली जोडली आणि कागद गोदीत धाडले.

आत्याने ते वाचून कपाळाला हात लावला. ती आणि बंबसाहेब दोघं मिळून बंदर कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चूक झाली आहे हेही मान्य केलं. दुरुस्ती करता येईल, म्हणाला, पण त्यासाठी ही मंजुरी रद्द करून नव्याने अर्ज करावा लागेल.

“त्याला किती दिवस लागतील?” आत्याने विचारलं.

“पहिल्याला किती लागले होते?”

बंबसाहेबांनी टोपी काढून काखेत धरली. आत्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि अधिकाऱ्याला विचारलं, की आगबोटीने आग विझवू नये असं नियमावलीत कुठे लिहिलंय का. अधिकाऱ्याने तिथल्या तिथे एकशे अठराही कलमं वाचून काढली. त्यात त्याची जेवणाची सुट्टी गेली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“मग मी आगबोटच बांधते,” आत्या म्हणाली.

नियमावलीमुळे गोदीतल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आनंद झाला तो एकाच माणसाला, आणि तो आत्याच्या घरात होता. आमचे आतोबा बसच्या आगारात चौतीस वर्षं तिकिटाच्या खिडकीवर बसले होते. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत घराचं आगार झालं होतं. जेवणाच्या खुर्च्यांना क्रमांक होते. पाहुणा चुकीच्या खुर्चीवर बसला तर आतोबा काही बोलत नसत, नुसते त्याच्या शेजारी उभे राहत. आत्याने नियमावली घरी आणली त्या दिवशी त्यांनी ती एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. असं सुटसुटीत लिखाण हल्ली होत नाही, असं त्यांचं मत पडलं.

तंटा एकेचाळिसाव्या कलमावरून झाला. उतारूंच्या प्रवेशाजवळ गज लावलेली तिकीटखिडकी असावी, आत बसणाऱ्याला पाय लांब करता यावेत, असं ते कलम. आत्याने नेमकी ती जागा दुसऱ्या पंपासाठी धरली होती. एका पंपावर मोठी आग विझत नाही, असं तिचं म्हणणं. खिडकीशिवायची आगबोट म्हणजे नुसतं तरंगतं लोखंड, असं आतोबांचं. तीन दिवस घरात दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मीठ लागलं तर मला फोन यायचा.

चौथ्या दिवशी आत्याने खिडकीला जागा दिली आणि दुसरा पंप उपाहारगृहाच्या कट्ट्याखाली ढकलला. तिथून पुढे तिला एक दिशाच मिळाली. नियम जे मागेल ते द्यायचं आणि त्याच्या पोटात आपलं सामान बसवायचं.

कणा टाकला, फासळ्या उभ्या राहिल्या, पत्रे चढले. बोट लांबीला बावीस मीटर, तळ उथळ, म्हणजे ओहोटीतही ती धक्क्याला चिकटू शकेल. तळाला दोन मोठी जाळीदार तोंडं ठेवली. त्यातून समुद्राचं पाणी आत यायचं आणि दोन पंप ते मिनिटाला सोळा हजार लिटर या वेगाने बाहेर फेकायचे. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा आत्या स्वतः हातोडीने वाजवून बघायची. हे काम तिने आयुष्यभर केलं होतं, तिथे काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. एकोणिसावं कलम बाकांवर गाद्या मागत होतं. आत्याने किंतानाच्या चपट्या नळ्या, ज्यांतून पाणी मारतात त्या, घट्ट गुंडाळून त्यांच्या वळकट्या केल्या आणि वर निळी खोळ चढवली. अशा साठ गाद्या झाल्या. स्त्रियांच्या केबिनमध्ये माणसाच्या उंचीचा आरसा हवा होता. तो बसला, बिजागऱ्यांवर, आणि त्याच्यामागे पाण्याच्या सगळ्या व्हॉल्व्हची लाल चाकं. पहिल्या वर्गात सोफा हवा होता, तो इतका जड आला की पाण्यात उतरवल्याबरोबर बोट डावीकडे कलली. आत्याने उजवीकडे उपाहारगृहाची मोरी दगडी करून घेतली, तेव्हा ती सरळ झाली.

सगळ्यांत अवघड होतं त्र्याहत्तरावं कलम. डेकवर आठ वादकांच्या बँडसाठी गोल ओटा. बंबसाहेब हे वाचून खचले. आत्या मात्र हसली. दोन वर्षांत ती हसल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो. पाण्याची मोठी तोफ कुठे बसवावी ही तिची चिंता होती, आणि भक्कम, गोल, मधोमध असा ओटा नियमच तिला देत होता.

तपासणीला आगबोटींचे निरीक्षक आले. बारीक, नीटनेटके गृहस्थ, बुटांना कापडी पिशव्या बांधून डेकवर चढले. प्रत्येक गादीवर बसून पाहिलं. बसायला कडक, पण पाठीला चांगली, असं त्यांनी लिहून घेतलं. आरशात स्वतःला बघितलं, भांग सारखा केला. मग ते ओट्यापाशी येऊन थांबले. तोफ दीड माणूस लांब होती आणि पितळेची असल्याने उन्हात नुसती झळाळत होती.

“हे काय आहे?”

आत्या कधी खोटं बोलत नाही. “पितळेचं आहे,” ती म्हणाली. “हवा सोडली की वाजतं.”

हे खरं होतं. नळ साफ करायला दाबाची हवा सोडावी लागते आणि ती सोडली की तोफ हंबरते. निरीक्षकांनी वाजवून दाखवायला सांगितलं. आत्याने हवेचा व्हॉल्व्ह उघडला. असा काही खर्जातला आवाज निघाला की धक्क्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले आणि तीन बोटींनी उत्तरादाखल भोंगे दिले. निरीक्षक डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. नंतर त्यांनी लिहिलं: वाद्य, एक, पितळी. सूर खालचा, परंतु भारदस्त. आणि बोट पास केली.

आत्याला वाटलं, सुटलो. पण बोट पास झाली ती आगबोट म्हणून, त्यामुळे माणसंही आगबोटीची मंजूर झाली. बोट चालवणारा एक सारंग, एक इंजिनवाला, दोन खलाशी, एक चहावाला आणि एक तिकीट कारकून. आग विझवणाऱ्या जवानांची एकही जागा नाही. रोज आठ फेऱ्या, अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्यावर. बंबसाहेबांना कळवण्यात आलं की आगीच्या प्रसंगी बोट लागल्यास खास फेरीचा अर्ज तीन दिवस आधी करावा, आणि फेरीचं कारण वनभोजन आहे की अन्य, तिथे खूण करावी.

तिकीट कारकुनाच्या जागेला तीस वर्षांच्या अनुभवाची अट होती. अर्ज एकच आला. आत्याला हे नेमणुकीच्या कागदावरूनच कळलं. तिने घरी जाऊन विचारलं तर आतोबा गणवेशाला इस्त्री करत होते. मी तुला सांगणारच होतो, म्हणाले, पण आपण त्या आठवड्यात पुन्हा बोलत नव्हतो.

फेऱ्या सुरू झाल्या आणि लोकांना बोट आवडली. मी पलीकडच्या शाळेत भूगोल शिकवते. आधी मला बसने खाडीला मोठा वळसा घालून जावं लागायचं, आता बारा दहाची बोट पकडली की वीस मिनिटांत पोचायचे. खिडकीच्या गजांतून आतोबा मलाही इतर उतारूंसारखंच तिकीट द्यायचे. “पुढे चला, दाराशी गर्दी करू नका,” एवढंच. मी एकटीच उभी असले तरी.

तो मंगळवार होता. बारा दहाच्या बोटीवर आम्ही त्रेचाळीस उतारू होतो. आत्याही होती, कारण कट्ट्याखालचा पंप ठिबकत होता आणि चहावाल्याने तक्रार केली होती. ती पाना घेऊन पालथी पडली होती. आम्ही धक्का सोडून जेमतेम निघालो आणि मागे, अलीकडच्याच काठावर, सात नंबरच्या गोदामातून काळा धूर उठला. पाठोपाठ खिडक्या लाल झाल्या. ते साबणाचं गोदाम होतं. वड्या, चुरा, पावडर, जमिनीपासून छपरापर्यंत.

सारंगाने इंजिन मंद केलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्या उभी राहिली, हात पुसले आणि म्हणाली, “वळवा.”

तेवढ्यात खिडकीचं दार उघडून आतोबा बाहेर आले. कामावर असताना ते बायकोला अहोजाहो करत.

“फोरमनबाई, ही तिकिटं पलीकडच्या धक्क्याची आहेत.”

“अहो, आग लागलीय.”

“दिसतंय मला. पण या माणसांनी पलीकडे जायचे पैसे दिलेत. त्यांना न विचारता बोट वळवायची म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.”

मला वाटलं आता पुन्हा तीन दिवसांचं मौन सुरू होणार. पण आतोबा पुढे बोलले. शहाण्णवावं कलम. निम्म्याहून अधिक उतारूंनी लेखी मागणी केल्यास वाटेत कुठेही थांबा देता येतो. तुम्ही वळा हळूहळू, म्हणाले, मी सह्या घेतो.

बोट गोल वळत होती, धूर डोक्यावर येत होता आणि आतोबा बाकाबाकाने कागद फिरवत होते. बावीस सह्यांवर काम झालं असतं, पण पुढच्यांना वगळणं त्यांना बरोबर वाटेना. बेचाळीस जणांनी सही केली. एकाने केली नाही. ते दंतवैद्य होते, पलीकडे त्यांचा दवाखाना. पेशंट खुर्चीवर तोंड उघडून बसलाय, त्यात ठोकळा लावून आलोय, आता तुम्हीच सांगा कसा थांबू, असं ते म्हणाले. आतोबांनी त्यांचा विरोध स्वतंत्र कागदावर नोंदवून त्यांना वाचून दाखवला.

आम्ही गोदामासमोर आलो. गोदामाच्या कडेला, काठावर, बंबसाहेब आणि त्यांचे जवान उभे होते. त्यांच्या नळ्या इमारतीला वळसा घालून पाण्याच्या बाजूला पोचत नव्हत्या आणि आग सगळी त्याच बाजूला होती. बंबसाहेबांनी बोट पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी बोटीवरची माणसं पाहिली. पिशव्या, छत्र्या, एक आजोबा कुंडी घेऊन निघालेले. त्यांनी कर्णा तोंडाला लावून विचारलं की नळ्या कोण धरणार.

आत्या बाकावर चढली. सगळ्यांनी उठा, म्हणाली, आणि आपापल्या गादीची खोळ काढा.

लोकांनी खोळी काढल्या. आपण महिनाभर कशावर बसत होतो ते त्यांना तेव्हा कळलं. खलाशांनी नळ्यांची तोंडं जोडून दाखवली, पुढचं बंबसाहेब काठावरून कर्ण्यातून शिकवत होते: एका नळीला तिघं, पाय फाकवून उभे राहा, घट्ट धरा, ती हिसका देते. आम्ही बायका केबिनमध्ये गेलो आणि आरसा उघडला. मला तीन नंबरचं चाक आलं. पंप सुरू झाले तसे कट्ट्यावरचे कप थरथरत एका ओळीत पुढे आले आणि एकेक करून खाली उडी मारू लागले.

तोफेला माणूस हवा होता. कुणाचा हात स्थिर आहे, असं आत्याने विचारलं. कुणी पुढे येईना. शेवटी दंतवैद्यांनी, जरा नाराजीनेच, हात वर केला. हात खरोखर स्थिर होता. ते ओट्यावर चढले, बाह्या दुमडल्या, तोफेच्या मुठी धरल्या आणि गोदामाच्या अर्धवट जळलेल्या दाराकडे रोखून पाहिलं.

“अजून थोडं उघडा,” ते दाराला म्हणाले, आणि पाणी सोडायची खूण केली. पहिल्याच फटक्यात दार आत गेलं.

इथे जे व्हायला नको ते झालं. तोफेचा झटका एवढा जबर होता की बोट एका अंगावर कलंडली. माणसं, नळ्या, पिशव्या, सगळं घरंगळत डावीकडे गेलं, त्या वजनाने ती आणखी झुकली. डेकवर पाणी आलं. आत्याचा चेहरा मी त्या दिवसाइतका पांढरा कधी पाहिला नाही. तिने पत्रे मोजले होते, सोफा मोजला होता, मोरी मोजली होती. घाबरलेली माणसं मोजली नव्हती.

आतोबा खिडकीच्या दारातून बाहेर पडले आणि पहिल्या वर्गाच्या सोफ्यावर, बुटांसकट, उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. चौतीस वर्षं आगारात ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात म्हणाले की सम क्रमांकाच्या तिकीटधारकांनी उजवीकडे यावं, विषम क्रमांकांनी आहे तिथेच थांबावं, धक्काबुक्की करू नये, सगळ्यांना जागा मिळेल. आणि लोकांनी खिसे चाचपले, तिकिटं काढली, वाचली आणि सम क्रमांकाचे चढावर चढून उजवीकडे गेले. बोट सावरली.

पुढचा पाऊण तास तसाच चालला. दंतवैद्य तोफ फिरवायच्या आधी ओरडून दिशा सांगायचे. आत्या सोफ्याकडे बघून बोटांनी दाखवायची, इकडे दहा, तिकडे पंधरा. आतोबा तेवढे क्रमांक पुकारायचे. एकदाही तिला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. मी चाकावरून मान वळवून बघत होते. इतकी वर्षं एकाच घरात राहणाऱ्या त्या दोघांना मी असं एकत्र काही करताना पाहिलं नव्हतं. ती साधी खाटही एकत्र सरकवत नसत, वाद व्हायचा.

आग कमी होऊ लागली तसा फेस सुरू झाला. मिनिटाला सोळा हजार लिटर पाणी आणि गोदामभर साबण. आधी दारातून पांढरी जीभ बाहेर आली, मग खिडक्यांतून, मग छपरातून. फेस धक्क्यावर पसरला, पाण्यावर उतरला, बोटीला येऊन टेकला आणि चढत गेला. गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. बंबसाहेबांचा कर्णा काही वेळ फेसावर दिसत होता, नंतर तोही दिसेना. सारंगाने भोंगा दिला तर भोंग्यातून बुडबुडे आले. एक वाजून दहा मिनिटांनी दंतवैद्यांनी सांगितलं की त्यांना आता लाल काही दिसत नाही, आणि पांढऱ्याशिवायही काही दिसत नाही. आत्याने पंप बंद करायला सांगितले.

फेसातून एकेक जवान धक्क्यावर चालत आला. त्यांच्या गणवेशावरचे वीस वीस वर्षांचे काजळीचे डाग निघून गेले होते. ते एकमेकांना ओळखेनात. बंबसाहेब सगळ्यांत शेवटी आले आणि काठावर उभे राहून त्यांनी आम्हाला सलाम केला, उतारूंना, आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.

आतोबांनी घड्याळ पाहिलं, उशिराबद्दल सगळ्यांची क्षमा मागितली आणि सारंगाला बोट पलीकडच्या धक्क्यावर न्यायला सांगितलं. दंतवैद्य पळतच दवाखान्यात गेले. पेशंट तोंड उघडं ठेवून छान झोपला होता.

परतीच्या फेरीत आत्या खिडकीपाशी गेली. तुम्ही नसता तर बोट उलटली असती, असं तिने गजांतून सांगितलं. आतोबांनी शिक्क्यावरचा फेस पुसला आणि म्हणाले, “घरी बोलू.”

आणि घरी ते बोलले. मी जेवायला तिथेच होते, चार नंबरच्या खुर्चीवर. चौतीस वर्षं मी फक्त हात बघितले, म्हणाले. गजांतून हात यायचा, पैसे ठेवायचा, तिकीट घेऊन जायचा. ती माणसं पुढे कुठे बसतात, पोचतात की नाही, मला काही कळायचं नाही. आज क्रमांक पुकारला आणि त्या क्रमांकाने मान वर केली. अगं, मी पहिल्यांदाच बघितलं की मी तिकीट कुणाला दिलं होतं.

आत्याने उठून आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी ओढली. क्रमांक चुकला, पण ते तिच्याशेजारी उभे राहिले नाहीत.

पुढे चौकशी झाली. समितीने महिनाभर कागद बघितले. बंबखान्याकडे बोट नाही, त्यामुळे आग बंबखान्याने विझवलेली नाही. आगबोटीचं काम उतारू नेणं, त्यामुळे आग बोटीनेही विझवलेली नाही. आग उतारूंनी प्रवासादरम्यान विझवली असल्याने त्यात कुणाचाही दोष दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. असं पुन्हा झालं तर काय, यावर समितीने सोय सुचवली: जवानांना बोटीचे पास द्यावेत. तेव्हापासून सहा जवान आणि बंबसाहेब सकाळी पहिल्या फेरीला चढतात आणि आठही फेऱ्या पूर्ण गणवेशात, शिरस्त्राण मांडीवर घेऊन, तोफेजवळच्या बाकांवर बसून असतात. गर्दी झाली तर उठून म्हाताऱ्यांना जागा देतात. दंतवैद्यांनी मात्र तोफ सोडायला नकार दिला. बराच पत्रव्यवहार होऊन त्यांना बुधवार मिळाला.

सात नंबरचा थांबा रद्द झाला नाही. मागणी बेचाळीस जणांनी लेखी केली होती, ती मागे घ्यायची तर त्याच बेचाळीस जणांनी लेखी घ्यायला हवी, आणि त्यातले काही गाव सोडून गेलेत. त्यामुळे प्रत्येक फेरीला बोट त्या जळक्या गोदामाशी दोन मिनिटं थांबते. सुरुवातीला कुणी उतरत नसे, कुणी चढत नसे. पण गोदामाला छप्पर उरलेलं नाही, ऊन चांगलं येतं आणि तिथली फरशी इतकी धुतली गेलीय की अख्ख्या बंदरात तेवढी स्वच्छ जागा नाही. हळूहळू लोक जेवणाचे डबे घेऊन तिथे उतरायला लागले.

आत्या आता निवृत्त झाली. आतोबांच्या सुट्टीच्या दिवशी दोघं डबा घेऊन माझ्या बारा दहाच्या आधीच्या बोटीने सात नंबरला उतरतात. मी बोटीवरून हात केला की आत्या हात करते. आतोबा जेवताना बोलत नाहीत, पण बोट सुटली की घास तसाच ठेवून मान वर करतात आणि डेकवरची माणसं मोजायला लागतात. आत्या त्यांच्या भाजीतली मिरची काढून आपल्या ताटलीत घेते आणि बोट कुठल्या अंगाला झुकलीय ते बघते.